पाराची मजुरी

श्रावण, तुझ्या तेरवीच्या पंगती उठल्या नव्हत्या, तोच मांडवात तुझ्या नावानं नवी आश्वासनं वाटायला सुरुवात झाली. घागर निशाणीच्या पक्षाचे वकीलसाहेब चांद्याहून खास आले होते. त्यांनी तलावाच्या पारावर, म्हणजे बांधावर, तुझ्या नावाचा दगडी खांब उभारायचं कबूल केलं. छत्री निशाणीचे अण्णाजी त्यांच्या मागोमाग उठले. नुसत्या खांबावर त्यांचं भागलं नाही. अख्खा पारच तालुक्याच्या सभेच्या खर्चानं पक्का बांधून देतो म्हणाले. दोघंही बोलताना डोळे पुसत होते. मी मागे, तुझ्या बैलगाडीला टेकून बसलो होतो आणि त्यांचे रुमाल खरंच ओले होतात का ते पाहत होतो. मी असाच आहे. तुला ठाऊकच आहे.

तू असतास तर मला कोपर मारून म्हणाला असतास, ‘करीम, मयताच्या घरी तरी हात खिशात ठेव.’ हात खिशात ठेव, हे तुझं माझ्यासाठीचं कायमचं वाक्य. ते कुठून आलं हे गावात कुणालाच माहीत नाही. तुझ्या पोरांनाही नसावं, म्हणून आधी तेच सांगतो.

कुरखेड्याच्या बाजारात मी नुकतं धान घ्यायला लागलो होतो. बापाचं दुकान, बापाचीच शिकवण. पोतं समोर आलं की वरचे दाणे पाहायचे नाहीत. बाही वर करायची, हात कोपरापर्यंत आत घालायचा आणि बुडाची मूठ वर आणायची. वर भरदार दाणा आणि तळाशी पोचट, हा खेळ मी लहानपणापासून पाहिला होता. तू तुझं पहिलं स्वतंत्र पीक घेऊन आला होतास. मी बाही वर केली आणि तुझा चेहरा बदलला. मी हात घालायच्या आत तू पोत्याचं बूड धरलंस आणि भर बाजारात, धुळीत, अख्खं पोतं उपडं केलंस.

“पाह्य! वरचं पाह्य, मधातलं पाह्य, बुडाचं पाह्य! तुले मानसावर भरोसा नाई तं जमिनीवर पाह्य!”

सगळा बाजार हसला. धान चांगलंच होतं. पण धुळीत मिसळलं होतं, आणि मी त्याचा भाव उतरवून सांगितला. तू माझ्या अंगावर धावून आलास. मग आपण दोघं दुपारभर उकिडवे बसून ते धान पाखडत राहिलो, मातीतून एकेक दाणा वेचत राहिलो आणि संध्याकाळपर्यंत दोस्त झालो. तुझी ती खोड शेवटपर्यंत गेली नाही. कुणी शंका घेतली की तू अख्खं पोतं उपडं करून मोकळा व्हायचास. पुढे तू निवडणुकीलाही तेच केलंस, आणि तेव्हा मात्र पोतं तुझ्या एकट्याचं नव्हतं.

मालगुजारी, म्हणजे आपल्याकडची जमीनदारी, गेली आणि तालुक्याच्या सभेची निवडणूक आली, तेव्हा घागर आणि छत्री हे दोन पक्ष एकमेकांचं तोंड पाहत नव्हते. घागरवाले म्हणत, छत्रीवाले जुन्या मालगुजाराचे हस्तक. छत्रीवाले म्हणत, घागरीला तळच नाही. मग कुणीतरी दोघांना हिशेब समजावला असणार, की वेगळे लढलात तर दोघंही बुडाल. एका आठवड्यात गळाभेट झाली. तुला त्यांनी आपल्या भागातून उभं केलं, कारण तू कुणाचाच नव्हतास आणि सगळ्यांना आवडायचास.

मंडईच्या जत्रेदिवशी, दंडारीचं नाटक सुरू व्हायच्या आधी, दुपारच्या उन्हात नाटकाच्याच मांडवात तुमची सभा झाली. मुखाला रंग लावलेले दंडारीचे गडी मागे बसून विड्या ओढत होते. आधी घागरीचे वकीलसाहेब बोलले: आम्ही आलो की तलावाची पाणीपट्टी माफ. टाळ्या. मग छत्रीचे अण्णाजी बोलले: आम्ही आलो की प्रत्येक गावच्या तलावाचा पार सभा दुरुस्त करील आणि माती वाहणाऱ्या प्रत्येकाला रोख मजुरी मिळेल. त्याहून मोठ्या टाळ्या. मी ऐकत होतो आणि माझा हात आपोआप बाहीकडे गेला. दोघांनी आपापली वचनं आधीच ठरवली होती. एकत्र आल्यावर कुणीही आपलं एक वचन मागे घेतलं नाही, दोन्हींची नुसती बेरीज केली. एकानं येणारा पैसा सोडला, दुसऱ्यानं जाणारा वाढवला, आणि दोघं एका मांडवात हार घालून बसले.

सभा संपल्यावर तुला जिलेबीच्या दुकानामागे गाठलं.

“पैसा कुठून आनसान गा?” मी विचारलं.

“सरकार देईन.”

“सरकारनं तुले सांगतलं?”

“वकीलसाहेबानं सांगतलं.”

“त्याले कोनं सांगतलं?”

तू हसलास. “तू अल्लाच्या दरबारात गेला तरी पोत्यात हात घालशीन, करीम. एकडाव तरी मानसाच्या तोंडावर भरोसा ठेव नं.”

मला हसू आलं नाही. मी म्हणालो की पाराचं काम आजवर कधी पैशानं झालंच नाही, झालं ते घरटी पाळीनं झालं. त्यावर तू जे बोललास ते मी अजून विसरलो नाही.

ज्यांना हा भाग माहीत नाही त्यांच्यासाठी सांगायला हवं. आपल्याकडे बांधीतलं, म्हणजे बांध घातलेल्या शेतातलं, धान जगतं ते तलावावर. तलाव म्हणजे तीन बाजूंनी उतार आणि चौथ्या बाजूला मातीचा लांबलचक बांध, त्यालाच पार म्हणायचं. खेकडे त्यात बिळं करतात, पळसाची मुळं त्याला फोडतात, दरवर्षी तो थोडा खचतो. मोहफुलं वेचून झाली की तलावाचं पाणी तळाला जातं. त्या दिवसांत घरटी एक माणूस पाटी घेऊन यायचा, तळातली काळी माती पारावर टाकायचा, चोपायचा. दुपारी झाडाखाली सगळ्यांचा भात शिजायचा. मला बाजारातून पाहताना ते नेहमी एखाद्या लग्नासारखं वाटायचं.

“तुले लगन दिसते,” तू म्हणालास. “तू पाटी नाई उचलली म्हून. माह्या बापाले ताप होता. मालगुजाराचा मानूस दारात येऊन उभा राह्यला. बाप थरथरत गेला. पाटी डोक्यावर, अन् पाय माराले मागं तो मानूस. पानी सगळ्यात आधी कोनाच्या बांधीत जाये? मालगुजाराच्या. आमच्या बांधीत जाये ते उरलंसुरलं. त्याले तू पाळी म्हंत. माह्या बाप त्याले बेगार म्हने. आता कोनीच फुकटात माती नाई वाहनार. मी सांगून राह्यलो तुले.”

तुझ्या बापाबद्दल तू त्याआधी कधीच बोलला नव्हतास. पण माझा प्रश्न तिथेच होता, आणि तू त्याचं उत्तर दिलं नव्हतंस. तू मला फक्त तो प्रश्न विचारायची लाज वाटेल असं काहीतरी दिलं होतंस. श्रावण, त्या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. इतक्या वर्षांत हे तुला समजावून सांगायचं राहून गेलं.

तुम्ही जिंकलात. पहिल्याच बैठकीत पाणीपट्टी माफीचा ठराव झाला. त्याला वेळ लागला नाही, कारण सोडून द्यायला नुसता हात वर करावा लागतो. गावात गुलाल उडाला आणि तुला खांद्यावर घेऊन लोक तलावापर्यंत नाचत गेले. मजुरीचा ठराव पुढच्या बैठकीवर गेला. पुढच्या बैठकीत अंदाज मागवायचं ठरलं. एक ओव्हरसियर आला, टेप धरून पारावर इकडून तिकडे गेला, तुझ्या घरी जेवला आणि पुन्हा दिसला नाही. मग निधीचा प्रश्न आला. वकीलसाहेब म्हणायचे, मजुरी हे छत्रीचं वचन, त्यांनीच पैसा शोधावा. अण्णाजी म्हणायचे, पाणीपट्टी घागरीनं घालवली, आता आम्ही आणायचं कुठून? एकमेकांवर इतके ओरडायचे, पण खुर्ची दोघांपैकी एकानंही सोडली नाही. तू दर मंगळवारी बाजारात येऊन हे मला सांगायचास आणि मी बशीतला चहा फुंकत ‘हं’ म्हणायचो. तुला माझा तो ‘हं’ खूप लागायचा.

“बोल नं बापा, काही तं बोल,” तू चिडायचास.

“काय बोलू? बुडाशी काय हाय ते तुले दिसून राह्यलं.”

“तुले कायची काळजी गा? धान आलं नाई तं तुह्या धंदा बसन, याचीच नं? मानसाची नाई, पोत्याची काळजी तुले!”

हेही तू पोतं उपडं करावं तसंच बोललास. त्यात थोडं खरं होतं आणि मी ते नाकारणार नाही. धानावर माझं घर चालतं. पण तुझं तोंड वाळत चाललं होतं ते मला दिसत होतं. धंद्याच्या काळजीनं माझी झोप कधी उडाली नाही. तुझ्या काळजीनं उडायची. हे तेव्हा बोललो असतो तर तू हसला असतास. आता कुणी हसणार नाही, म्हणून लिहितो.

आणि गावानं काय केलं? गाव थांबलं. ही चूक आपल्याच लोकांनी करावी. मोहफुलं वेचून झाली, तलाव आटला, पाट्या घराघरात कोपऱ्यात उभ्या होत्या, आणि कुणी पारावर गेलं नाही. जायचं कशाला? मजुरी येणार होती. आपण फुकटात माती टाकून बसलो आणि मग सभेचे पैसे आले, तर ते आपल्याला मिळतील का? काम झालेलं पाहून सभा म्हणेल, झालंय की. म्हणून पार जितका जास्त खचेल तितकी मजुरी जास्त, असा हिशेब काही शहाण्यांनी मांडला. एक उन्हाळा असा गेला. दुसराही गेला. गेल्या पावसात सांडव्याजवळचा भाग अर्धा वाहून गेला, आणि तरी लोक म्हणत होते, आता तर देतीलच.

या उन्हाळ्यात तू एकटाच पारावर गेलास.

बाजारात बातमी माझ्याकडे आली ती वेगळ्याच रूपात. धान विकायला आलेला एकजण हळूच म्हणाला, “मंजूर झालं जी. सारा पैसा श्रावन्यानंच उचलला. म्हून तं एकटा माती टाकून राह्यला. दुसऱ्याले वाटा द्या लागते नं!” पाहा श्रावण, तू इतका भाबडा, आणि तुझं गाव माझ्याहून संशयी. फुकटात कुणी माती टाकत नाही असं तू त्यांना शिकवलं होतंस. त्यांनी ते मनापासून शिकून घेतलं.

मीसुद्धा आलो तो संशय घेऊनच. माझा संशय निराळा होता. पुढची निवडणूक तोंडावर आली होती. मी सायकल बाभळीला टेकवली आणि पार चढून तुझ्याजवळ आलो. दुपार तापली होती. डोक्याला गमछा, उघडं अंग, पाटीतली माती छातीवर गळत होती.

“निवडनूक आली काय गा जवळ?” मी विचारलं.

दुसरं कुणी असतं तर तू धावून आला असतास. तू पाटी खाली ठेवलीस आणि तिच्यावरच बसलास.

“करीम,” तू म्हणालास, “लोकाईले फुकट या म्हनू शकत नाई. त्याले बेगार मीच म्हनलो. पैसे देतो म्हनलो, तं पैसे नाईत. मंग कोन राह्यलं? मी राह्यलो.”

तुझ्याकडे उपडं करायला आता पोतंच उरलं नव्हतं. मला वाटलं, याला खांद्याला धरून घरी न्यावं. मला वाटलं, पाटीची दुसरी बाजू धरावी. मी दोन्हींपैकी काहीच केलं नाही, कारण तू लगेच उठून पाटी डोक्यावर घेतलीस आणि पाठमोरा म्हणालास, “जाय, बाजार हाय तुह्या. सावली पाहून जाय.” मला सावली पाहून जायला सांगणारा माणूस स्वतः त्या उन्हात उभा होता. पुढच्या मंगळवारी तुझ्या घरून निरोप आला की ऊन लागलं आहे. मी पोचलो तेव्हा तुझी बायको, आमच्या सगुणावहिनी, तुझ्या तळपायाला कांद्याचा रस चोळत होत्या आणि तू कुणालाच ओळखत नव्हतास. मी वाकलो तसे तुझे ओठ हलले. काय म्हणालास ते कळलं नाही, आणि काय म्हणाला असशील याचा अंदाज मी बांधणार नाही. मेलेल्या माणसाच्या तोंडी आपल्याला हवं ते घालणारे लोक तेरवीला भरपूर भेटले.

तुला खांदा देताना सांडव्याजवळून जावं लागलं. तू टाकलेली माती दिसत होती. खरं सांगू? फार नव्हती. एक माणूस किती टाकणार.

तर तेरवी. वकीलसाहेबांचा खांब जाहीर झाला, अण्णाजींचा पक्का पार जाहीर झाला. लोकांनी माना डोलावल्या. कुणी तरी ‘वा’ सुद्धा म्हटलं. आभाळ रोज दुपारी भरून येतंय, पार उघडा पडलाय, धानाचं बी घराघरात तयार ठेवलंय, आणि इथे पुन्हा येत्या निवडणुकीची बोली सुरू झाली. माझ्यानं राहवलं नाही. मी उठलो आणि तुला विचारायचो तेच विचारलं.

“पैसा कुठून आनसान जी?”

अण्णाजी हसून म्हणाले, ही वेळ नाही. वकीलसाहेब म्हणाले, शासनाकडे प्रस्ताव जाईल. तुझ्या मोठ्या साळ्यानं माझी बाही ओढली, “तेरवीत असं इचारतेत काय, करीमभाऊ? बसा खाली.” मी बसणारच होतो. माझंही मन ओशाळलं होतं. तेवढ्यात सगुणावहिनी आतून बाहेर आल्या. बायकांच्या पंगतीत वाढत होत्या, हाताला भात लागलेला.

“काऊन बसाचं?” त्या म्हणाल्या. “बराबर इचारलं त्यायनं. जो गेला त्याले इचारत होते तवा तुमी हसत होते.”

मग त्या कुणाकडेही न पाहता, जणू घरातल्या कामाची वाटणी करावी तशा, बोलत गेल्या. “त्यायनं मजुरी देतो म्हनलं होतं. मंग मजुरी द्याची हाय. फुकटात कोनी याचं नाई. ज्याच्या बांधीले तलावाचं पानी जाते, त्यानं धान आनावं. जितकी बांधी तितकं धान. ज्याले बांधी नाई त्यानं पाटी उचलावी अन् रोजचं पायलीभर धान घेऊन जावं. बांधीवाला वाहीन तं त्यालेबी पायली. आमच्या घरचं पोतं पयलं.”

कुणी तरी मागून म्हणालं, “हे तं पानीपट्टीच झाली नं, बाई! ती तं माफ केली होती!”

“पट्टी म्हना, का काही म्हना. तवाची पट्टी चांद्याले जाये. हे धान इथीच, पारावर मोजलं जाईन.”

मी तुझ्याकडे पाहायला मान वळवली, श्रावण. सवयीनं. गाडीच्या जुवाशिवाय तिथे काही नव्हतं. आपण दोघं इतकी वर्षं भांडलो, तू म्हणायचास मजुरी, मी म्हणायचो कुठून, आणि आपल्या भांडणाचं उत्तर तुझ्याच चुलीपाशी भात वाढत होतं. मला आनंद झाला की राग आला हे अजून ठरवता येत नाही. तू असताना त्या हे का बोलल्या नाहीत? मग आठवलं, तू आणि मी बोलत असताना त्या पाणी ठेवून आत जायच्या. आपण कधी थांबवलं नाही.

अण्णाजी घाईनं उठून म्हणाले, या योजनेला सभेचा पूर्ण पाठिंबा आहे. वकीलसाहेब म्हणाले, धानाची मोजणी सभेचा कारकून करेल. दोघंही त्या धानाला आपलं म्हणायला किती पटकन तयार झाले, ते पाहून माझ्या बोटांना खाज सुटली.

“मोजनी करीमभाऊ करतीन,” सगुणावहिनी म्हणाल्या. “त्यायचा कोनावर भरोसा नाई.”

लोक हसले. तेरवीच्या मांडवात हसले. मला वाटतं तुला ते आवडलं असतं. आयुष्यभर ज्या गोष्टीसाठी मी बोलणी खाल्ली, तिच्यासाठी मला पहिल्यांदाच कुणी काम दिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सांडव्याजवळच्या मोहाच्या झाडाखाली पोती यायला लागली. हे महिने कसे असतात तुला माहीत आहे. पेरणीचं बी बाजूला काढलेलं, खायचं धान मोजकं उरलेलं. त्यातून पोतं काढणं म्हणजे ताटातलं काढणं. मी बाही वर केली आणि एकेक पोत्यात हात घालायला लागलो. लोकांना राग आला. येऊ द्या. दोन-तीन जणांच्या बुडाशी पोचट निघालं. त्यातल्या एकाला तर मी सगळ्यांदेखत परत पाठवलं. तो कोण होता ते तू ओळखलं असशील. तुला खांद्यावर घेऊन सगळ्यात उंच तोच नाचला होता. तो शिव्या देत गेला आणि तासाभरानं दुसरं पोतं घेऊन आला. ते चांगलं होतं.

पार पावसाआधी भरेल की नाही, मला माहीत नाही. पुढच्या वर्षी लोक धान आणतील की पुन्हा अण्णाजींची वाट पाहत बसतील, तेही माहीत नाही. तुझ्या बापाला जी पाटी डोक्यावर जड झाली, ती पायलीभर धानानं हलकी होते का, हा तुझा प्रश्नही मी सोडवलेला नाही. तू असतास तर म्हणाला असतास, ज्याला बांधी नाही त्याला पायलीच का, बांधी का नाही? मी म्हणालो असतो, पैसा कुठून? आणि पुन्हा सुरू झालं असतं. मला ते भांडण हवं आहे, श्रावण. मंगळवारी चहा मागवताना अजून दोन बश्या सांगतो. हॉटेलवाला काही न बोलता दोन ठेवतो.

पण खाली मोहाच्या झाडाशी काय झालं ते सांगायचं राहिलं. तुझ्या घरचं पोतं पहिलं आलं होतं, तुझ्या धाकट्यानं गाडीतून उतरवून ठेवलं होतं. मी ते बाजूला सारून दुसऱ्यांची आधी पाहिली. सगळ्यांच्या ते लक्षात आलं. शेवटी तेच एक उरलं. ज्याला परत पाठवलं होतं, तो हाताची घडी घालून माझ्याकडेच पाहत होता. मेलेल्या दोस्ताच्या घरचं पोतं, तेरवीच्या दुसऱ्या दिवशी. त्यात हात घालायचा का?

सगुणावहिनी पदर खोचून समोर उभ्या होत्या. त्यांनी पोतं उपडं केलं नाही. त्यांनी पोत्याचं तोंड दोन्ही हातांनी उघडून माझ्यापुढे धरलं.

मी बाही वर केली. हात कोपरापर्यंत गेला, मग दंडापर्यंत. आतलं धान गार होतं. बुडाशी बोटं टेकली, मूठ भरली आणि वर आणली. भरदार, सारखा दाणा होता, एकही पोचट नाही. ते खायचं धान नव्हतं, श्रावण. तुझ्या घरचं पेरणीचं बी होतं.

“आता तरी बसला काय भरोसा?” वहिनींनी विचारलं.

मी मूठ पुन्हा पोत्यात सोडली, हात झटकला, आणि एकही पोतं उरलेलं नसताना मोठ्यानं म्हणालो, “पुढचं पोतं आना.”